‘गोळीनंतर घाम आला म्हणजे औषध लागू पडले’ : मधुमेहावरील एका संदेशाला उत्तर

परळ-लालबागच्या चाळींतून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणारा एक संदेश मला वॉर्डात निरनिराळ्या रुग्णांच्या नातेवाइकांनी दाखवला. त्यात पाच विधाने आहेत. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने मूत्रपिंडे निकामी होतात. साखर नॉर्मल आली की गोळ्या बंद कराव्यात. इन्सुलिन ही शेवटची पायरी असून एकदा लागले की सुटत नाही. ज्यांना ते घ्यावेच लागते त्यांनी कोणतीही सिरिंज वापरावी, कारण युनिट सगळीकडे सारखेच. आणि औषधानंतर घाम फुटला, हात कापू लागले, तर ते औषध लागू पडल्याचे लक्षण समजून रुग्णाला झोपू द्यावे, गोड देऊ नये. मी परिचारिका आहे आणि यांतले शेवटचे विधान मला सर्वांत घातक वाटते, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही रक्तातील साखर फार उतरल्याची लक्षणे आहेत. ती दर 100 मिलिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की लगेच उपाय करायचा असतो, आणि 54 च्या खाली गेली की मेंदूचे काम बिघडू लागते, कारण मेंदू मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो. अशा माणसाला झोपू देणे म्हणजे त्याला बेशुद्धीकडे जाऊ देणे होय. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी, ती अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी आणि सुधारल्यावर पोळी-भाजी किंवा पोहे खायला घालावेत. मात्र रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी घेत असेल, तर घरातली साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण साखरेचे आतड्यात विघटन होण्याची क्रिया हीच गोळी मंदावते. तेथे औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडरच हवी. ही गोष्ट घरी जाताना फार थोड्या रुग्णांना सांगितली जाते, याची मला खंत आहे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा.

मुंबईत हा प्रसंग पुष्कळदा वेळेच्या गणितामुळे ओढवतो : पहाटे साडेपाचला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली, कल्याणहून गाडी पकडली, आणि नाश्ता थेट कार्यालयात पोहोचल्यावर. एकादशीच्या उपासालाही गोळी नेहमीचीच राहते आणि जेवण मात्र बदलते. वृद्धांत आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांत ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उतरलेली साखर वर आणल्यावरही काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा रुग्णाला बरे वाटले तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. वृद्धांत तर कधीकधी घाम येण्याऐवजी केवळ गोंधळलेपण दिसते, आणि घरचे ते वयाच्या खाती टाकतात.

मेटफॉर्मिनविषयीच्या विधानात सत्याचा एक कण आहे, पण तो उलटा धरला आहे. मेटफॉर्मिन निरोगी मूत्रपिंडे बिघडवत नाही; मूत्रपिंडे आधीच फार बिघडलेली असतील तर ते शरीरात साठून त्रास देऊ शकते. म्हणूनच डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) 45 च्या खाली गेल्यावर मात्रा कमी करण्याचा विचार करतात आणि 30 च्या खाली गोळी बंदच करतात. पावसाळ्यात उलट्या-जुलाब सुरू झाले आणि अंगातले पाणी कमी झाले, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडे खरोखर खराब करतात ती वर्षानुवर्षे चढी राहिलेली साखर आणि रक्तदाब.

साखर नॉर्मल आलेली असते ती बहुधा गोळीमुळेच. वजन घटल्याने काहींच्या गोळ्या खरोखर कमी होतात, पण तो निर्णय तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी पाहून डॉक्टर घेतात. टाइप 1 मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) रुग्णाने इन्सुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येऊ शकतो.

इन्सुलिन शेवटची पायरी असते, तर जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या टाइप 1 मधुमेहाच्या किशोरवयीन मुलाला ते दिले गेले नसते. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे अधिक जगवणे एवढेच शक्य होते. इन्सुलिनमुळे तो आणखी 13 वर्षे जगला. गरोदरपणात, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा जंतुसंसर्गात सुरू केलेले इन्सुलिन गरज संपल्यावर अनेकांचे बंदही होते, हे मी वॉर्डात नेहमी पाहते.

राहिला सिरिंजचा मुद्दा. आपल्याकडे काचेच्या कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचे असते आणि इन्सुलिन टोचण्याच्या पेनच्या काडतुसातले 100 युनिटचे. लाल टोपीची सिरिंज 40 साठी असते, नारिंगी टोपीची 100 साठी. 40 च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात 8 युनिटच जातात. 100 युनिटचे इन्सुलिन लाल सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर 50 जातात. आमच्याकडे आलेल्या एका आजींची साखर कित्येक आठवडे उतरत नव्हती आणि मात्रा वाढतच गेली होती. सुनेला माझ्यासमोर सिरिंज भरून दाखवायला सांगितले, तेव्हा पिशवीतून नारिंगी टोपी निघाली. दुकानात लाल संपली म्हणून तिने ती घेतली होती. ती वाढलेली मात्रा पुढे कोणी योग्य सिरिंजने भरली असती, तर आजी झोपेतच बेशुद्ध झाल्या असत्या, म्हणून सिरिंज बदलण्याआधी आम्ही डॉक्टरांकडून मात्रा नव्याने लिहून घेतली. आता डिस्चार्जच्या कागदावर मी मात्रेशेजारी टोपीचा रंगही लिहिते, आणि जो घरी टोचणार आहे त्याच्याकडून सिरिंज एकदा भरून घेते.