मॅडमना वर्क फ्रॉम होम नाही का मिळणार?

काल रविवारी एका ब्रोकरने आम्हाला घोडबंदर रोडवर कासारवडवलीला भाड्याचा फ्लॅट दाखवला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही. फोनवर म्हणाला होता, ठाण्यात आहे, स्टेशनपासून पंधरा मिनिटं. कासारवडवली ठाणे महापालिकेत येतं म्हणून काय ते ठाणे स्टेशनच्या शेजारी येतं का? रविवारी सकाळी अकराला रस्ता मोकळा होता तरी रिक्षाला दुप्पट वेळ लागला. मी विचारलं, सोमवारी सव्वाआठला निघालं तर किती वेळ लागेल? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने, नवऱ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमचं ऑफिस ऐरोलीला ना, मग तुम्हाला टेन्शनच नाही, ठाण्याहून नवी मुंबईची ट्रान्सहार्बर लोकल पकडली की दोन स्टेशनं." मी म्हटलं, माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळला आहे. त्यावर हसला आणि म्हणाला, "मॅडमना वर्क फ्रॉम होम नाही का मिळणार?"

नाही मिळणार! मी टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, सॅम्पल काय घरी आणून गॅसवर तपासू? नवऱ्याचं काम लॅपटॉपवर चालतं, घरून होण्यासारखं काही असेल तर ते त्याचं आहे, पण त्याला हा प्रश्न ब्रोकरने विचारला नाही, आधीच्या ब्रोकरने विचारला नाही, माझ्या सासूबाईंनी नाही की माझ्या स्वतःच्या आईनेही नाही. सगळ्यांनी मनात आधीच ठरवून टाकलेलं असतं की घर घ्यायचं साहेबांच्या ऑफिसजवळ आणि बाई करेल काहीतरी ॲडजस्ट. नवरा तिथल्या तिथे म्हणाला की आधी हिचं बघा, मी जाईन कसाही. तर ब्रोकर म्हणतो, "मग मॅडमना एक गाडी घेऊन द्या ना." घेऊन द्या! माझा पगार नवऱ्याएवढाच आहे रे बाबा, आणि गाडी घेऊन मी घोडबंदर रोडवर काय करू? जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर त्याच रस्त्यावर, गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की सगळी रांग मागे भाईंदरपाड्यापर्यंत, आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रो ४ चे खांब. ही वडाळा ते कासारवडवली मेट्रो २०१६ साली मंजूर झाली, २०१८ पासून तिथल्या लोकांनी बॅरिकेडं बघितलीत, आणि आठ वर्षं प्रत्येक बिल्डरने तिच्या नावावर फ्लॅट विकलेत. कालच्या फ्लॅटच्या हॉलच्या खिडकीतून ते खांब दिसत होते. ब्रोकर खिडकी उघडून म्हणाला, "मेट्रो व्ह्यू आहे." मला खरंच तिथेच ओरडावंसं वाटलं. मला मेट्रो बघायची नाहीये, मला मेट्रोत बसून कामावर जायचंय, आज, या महिन्यात, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट चालू असेपर्यंत.

आणि मेसेजमधले ते लोकेशनचे मुद्दे! स्टेशन पंधरा मिनिटं, एअरपोर्ट चाळीस, बीकेसी पन्नास. कोणत्या वाराची, किती वाजताची, कशाने जायची मिनिटं, हे कुणीही लिहीत नाही. पावसाळ्यातली तर नक्कीच नाहीत.

ज्यांचं दोघांचं ऑफिस एका लाइनवर आहे त्यांना हा त्रास कळत नाही. नातेवाईक फुकट सल्ला देतात, "मधलं ठिकाण बघा ना." अहो, मरोळ आणि ऐरोलीच्या मध्ये नकाशावर पवई येते, विक्रोळी येते, पण मुंबईत नकाशावरचं मध्य काय कामाचं? इथली रेल्वे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे सुरू झाली आणि आजही लाइनी उत्तर-दक्षिणच पळतात, कारण पूर्वी सगळ्यांची नोकरी फोर्टातच असायची. ऑफिसं कधीच हलली, सीप्झला गेली, मरोळला गेली, महापे-ऐरोलीला गेली, आणि आडवं, पूर्वेहून थेट पश्चिमेला नेणारी चालू मेट्रो एकच, घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा, तीही २०१४ ची, चार डब्यांची. मरोळ नाक्याला आता ॲक्वा लाइन आली म्हणून ऑफिसातले माझं अभिनंदन करत होते. ती जाते आरेहून कफ परेडला, मुलुंड-ठाण्याच्या बाईला तिचा काडीचा उपयोग नाही.

मला ठाण्याहून जायचं म्हणजे लोकलने घाटकोपर, मग तो पूल. घाटकोपरचा मेट्रोचा पूल सकाळी नऊला ज्यांनी केलाय त्यांना काही सांगायला नको. जिन्यावर पुढच्या बाईची बॅग तोंडावर, वर बॅग तपासायची रांग, रांगेतून सुटलं की पुन्हा फलाटावर रांग, आणि डब्यात शिरल्यावर मरोळ नाक्याला उतरायचं म्हणून साकीनाक्यापासूनच दाराकडे सरकत राहायचं. लोकलचा प्रवास परवडला, हा एवढासा तुकडा जीव खातो.

बरं, ऐरोलीत राहू, निदान नवरा चालत जाईल, असंही करून बघितलं. मग मला ऐरोली पुलावरून जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चं काम, गांधीनगर जंक्शनला बस थांबली की थांबली, आयआयटीच्या गेटपाशी पुन्हा तेच, पवई तलावाच्या बाजूने पायी चालणारी माणसं बसला मागे टाकून पुढे जातात. लॅबमध्ये उशिरा पोचलं की रजिस्टरवर लाल खूण होते, तिथे गांधीनगर जंक्शनचं कारण चालत नाही.

मग डोंबिवली. सासर तिकडे, भाडं कमी, आणि घरचे पाठीच लागलेत. पण डोंबिवलीहून ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरून, पूल चढून नऊ-दहा नंबरला जायचं, कारण कळवा-ऐरोली उन्नत मार्ग, जो झाला असता तर कल्याणकडच्या माणसाला ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईत जाता आलं असतं, तो पुनर्वसनावर अडकून बसलाय. त्यातलं दिघा गाव स्टेशन तेवढं जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. मूळ जोड कुठेय? ती मिळेपर्यंत सगळ्यांनी ठाण्याच्या एकाच पुलावर चेंगरायचं. आणि सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये शिरायचं म्हणजे काय, ते मी लग्नानंतर तिथे राहत असताना भोगलंय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली, ती काही हौस म्हणून लटकली नव्हती. त्या दिवशी नवरा त्याच लाइनवर होता, फोन लागेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. तरी परवा दिरांनी ऐकवलंच, "आम्ही नाही का केली वीस वर्षं अप-डाउन?" केलीत, मान्य. संध्याकाळी घरी आल्यावर हातात चहा कोण देत होतं आणि पोळ्या कोण करत होतं, तेही सांगा ना. आमच्याकडे दोघंही साडेआठला दमून घरात शिरतात.

मुलुंड आम्हाला दोघांनाही खरंच आवडलं होतं. त्याला ऐरोली पुलावरून बस आणि मला घाटकोपर जवळ. फ्लॅट आवडला, भाडं कसंबसं बसत होतं, टोकन द्यायचं ठरलं. आणि मालकीणबाईंनी शेवटी विचारलं, घरात मासे-मटण करता का? मी हो म्हटलं आणि व्यवहार तिथेच मोडला. म्हणजे मी भाडं पूर्ण द्यायचं, डिपॉझिट द्यायचं, ब्रोकरला एका महिन्याचं भाडं द्यायचं, आणि माझ्या स्वयंपाकघरात बांगडा तळायचा की नाही ते दुसऱ्याने ठरवायचं! आमच्या मातृभाषेसाठी झालेलं राज्य ते हेच ना? त्या दिवशी रेल्वेवर नव्हे, माणसांवरच जास्त राग आला मला.

उरलं घाटकोपर. आमच्यासाठी घाटकोपरइतकं योग्य ठिकाण दुसरं नाही, मला थेट मेट्रो, तो पूल अर्धा तरी वाचतो, आणि त्याला ठाणे करून ऐरोली, तीही गर्दीच्या उलट्या दिशेने. पण पंतनगरला काय, विक्रोळीच्या कन्नमवार नगरला काय, म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगी एकामागून एक रिडेव्हलपमेंटला गेल्यात, तिथल्या रहिवाशांना बिल्डर भाडं देतो आणि त्यांना शाळा-डॉक्टर सोडून लांब जायचं नसतं, म्हणून आजूबाजूचा प्रत्येक वन बीएचके आधीच उचललेला असतो. त्यांची चूक नाही, त्यांनाही घर लागतंच. पण आमच्यासारख्यांना उरतो तो तळमजल्यावरचा, ओल आलेला, आणि त्यालाही मालक दरवर्षी दहा टक्के वाढवून मागतो.

कासारवडवलीला नाही म्हणून आज सकाळीच कळवलं. ब्रोकरने नवऱ्याला फोन केला, मला नाही, आणि विचारलं, "मॅडमना आवडला नाही का?" नवऱ्याने सांगितलं, दोघांनाही परवडणार नाही, वेळेने.

तर कुणाला घाटकोपर पूर्व किंवा विक्रोळी पूर्वेला वन बीएचके माहीत असेल, मासे चालत असतील आणि थेट मालकाशी बोलणं होत असेल तर कळवा. दुसरा-तिसरा मजला, लिफ्ट नसली तरी चालेल. स्टेशन किती लांब ते चालत जाऊन सांगा.