पाव तपासून घ्यायचाय? एकदम सोप्पं!

पाव फुगवायला मैद्यात घालतात त्या, बंदी असलेल्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनाचं ऐकून पोटात गोळा आला असेल तर काळजी सोडा. ग्राहक हा राजा आहे, आणि राजाने आपलं विष आपणच शोधायचं असतं.

आधी लेबल वाचा. लादीपावाला लेबल नसतं. चला पुढे.

घरगुती चाचण्या करा. कणकेचा गोळा नळाखाली धुवा, उरलेल्या चिवट लगद्याचा व्हिडिओ ‘प्लास्टिकचा आटा’ म्हणून फॅमिली ग्रुपवर टाका. ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलंच प्रथिन असतं, पण हे मावशीला कोण सांगणार?

रव्यावरून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस चिकटतो का बघा.

मैदा पाण्यात हलवा, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाका, हळदीचा कागद बुडवा. लाल झाला तर बोरिक ॲसिड आहे. (हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळणाच्या डब्यात असतंच, मोहरीशेजारी.)

ब्रोमेट मात्र यातल्या कशालाच सापडत नाही. त्याला आयन क्रोमॅटोग्राफीसारखं यंत्र लागतं. मिक्सर थोडा सरकवा, बसेल.

यंत्र नसेल तर कायदा आहे ना! अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, कलम 40. फी भरा, अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्या, दोष निघाला तर फी परत. अट एकच: विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला नेणार आहे. धाड घालण्याआधी चोराला फोन करण्यातलाच प्रकार, पण कायदा म्हणजे कायदा. म्हणून गेल्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, मी सांगितलं. मालकाने शांतपणे माझ्या हातातली लादी काढून घेतली, आत गेला, दुसरी आणली. “ही न्या ताई, ही चांगलीये.” मग आधीची काय होती? मागून आवाज, “ओ ताई, आटपा ना, वडे गार होतायत.” खासगी प्रयोगशाळेत गेले तर काउंटरवरची मुलगी विचारते, पॅकिंग सीलबंद आहे का, बॅच नंबर काय. लादीपावाचा बॅच नंबर! सरकारी कार्यालयात फोन केला तर साहेब फिल्डवर. रोज फिल्डवर. कुठल्या फिल्डवर असतात हो हे? आमच्या बेकरीत तर कधी कुणी पाहिले नाहीत.

आणि हे काही आज उगवलेलं नाही. ब्रोमेटने मैद्याला ताण येतो, पाव टम्म फुगतो. पाव नीट भाजला तर ब्रोमेटचं ब्रोमाइड होऊन जातं, ते तितकं धोक्याचं नाही. ब्रोमेट घालताना हात सैल सुटला किंवा पाव भट्टीतून घाईने काढला, तर ते पावातच राहतं. ब्रिटनने 1990 मध्येच बंदी घातली. 1999 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवलं. आपण मजेत खात होतो. मे 2016 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्लीतल्या पाव-ब्रेड-पिझ्झाच्या 38 नमुन्यांपैकी 32 मध्ये ब्रोमेट किंवा आयोडेट (त्याच कामाचं दुसरं रसायन) सापडल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे जूनमध्ये ब्रोमेटवर बंदी आली. तीही एका बिगरसरकारी संस्थेने बोंब मारली म्हणून!

साहेब, बंदी घातलीत ना? मग तपासायचं कुणी, मी? त्यासाठी पगार कोण घेतं? दिवाळीत खव्याच्या टेम्पोपुढे उभं राहून फोटो काढणं पुरे झालं. पाव वर्षभर, रोज खाल्ला जातो, आणि पहाटे भट्टीतून निघतो. पहाटे या. न सांगता या. नमुने उचला आणि निकाल त्याच बेकरीच्या दारावर लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात.