‘पन्नास उत्तरं पाठ करा आणि ट्रकवर बसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कळंबोली, तळोजा, न्हावा शेवा या पट्ट्यातल्या ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ट्रकच्या लायसनसाठीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास करू नका, रस्त्यावरच्या चिन्हांची पन्नास उत्तरं पाठ करा. तेही जमत नसेल तर एजंटला पैसे द्या, तो परस्पर परीक्षा देतो. आठवी पास नसाल तर नाद सोडा. अपघाताचा प्रश्न आला तर काहीही टिक करा, कारण प्रत्यक्षात पळायचंच असतं. आणि सुप्रीम कोर्टाने आता हलक्या गाडीच्या लायसनवर सगळं चालवायची परवानगी दिलीय.

माझ्या वडिलांनी 26 वर्षं कंटेनर चालवला. आता संध्याकाळी आमच्या घरी चार-पाच मुलं परीक्षेच्या तयारीला बसतात. मी प्रश्न वाचते, बाबा समजावतात. परवा त्यातल्या एकाने मेसेज दाखवला आणि विचारलं, ‘‘ताई, मग आपण बसतो कशाला?’’ दुसरा तर त्या दिवशी आलाच नाही. तो सातवीपर्यंत शिकलाय.

म्हणून आधी आठवीचं. ‘आठवी पास नसाल तर फॉर्मच घेत नाहीत’ ही जुनी गोष्ट झाली. व्यावसायिक गाडीच्या लायसनसाठी असलेली शिक्षणाची अट केंद्र सरकारने 2019 मध्येच काढली. परीक्षा मराठीतूनही देता येते. एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. रसायनं, गॅस, पेट्रोल असा धोकादायक माल न्यायचा असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 9 लागतो. तिथे लिहिता-वाचता येणं आवश्यक आहे, आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते पास व्हावं लागतं. कारण साधं आहे. तळोज्याहून निघालेल्या टँकरच्या पाटीवर 1830 लिहिलंय म्हणजे आत सल्फ्युरिक अ‍ॅसिड आहे, 1203 म्हणजे पेट्रोल, हे चालवणाऱ्याला कळलं पाहिजे. गळती झाली तर काय करायचं याचं कार्ड त्याच्याच केबिनमध्ये असतं. ते वाचणारा पहिला माणूस तोच.

‘चिन्हं पाठ केली की झालं.’ त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम 11 मध्ये परीक्षेचे चार विषय दिलेत. चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम हा पहिला. अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, बिनपहाऱ्याचं रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि सोबत ठेवायची कागदपत्रं हे उरलेले तीन. 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास करतात, त्यामुळे नुसत्या चिन्हांच्या जोरावर सुटणारेही असतील. पण मग नेमकं काय शिकायचं राहून गेलं, हे त्यांना रस्त्यावरच कळणार.

आणि चिन्हं तरी नुसती पाठ करून भागतं का? अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम सगळे पाठ करतात. बाबा विचारतात, का? भरलेली गाडी चढावर मध्येच थांबवली तर पुन्हा उचलताना ती मागे सरकते. उतरणाऱ्याला थांबणं त्यामानाने सोपं. एवढं कळलं की तो प्रश्न कसाही फिरवून आला तरी चुकत नाही. तीव्र उताराच्या पाटीचंही तसंच. ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. बोरघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक धरेनासा होतो. उंचीची मर्यादा दाखवणारी गोल पाटी कारवाल्याला आयुष्यात एकदाही लागत नसेल. कंटेनरवाल्याला मात्र ती प्रत्येक पुलाखाली लागते.

बिनपहाऱ्याच्या रेल्वे फाटकाच्या प्रश्नावर मुलं म्हणतात, अशी फाटकं राहिलीत कुठे? ब्रॉडगेजवरची तरी जानेवारी 2019 पर्यंत हटवली, हे खरंय. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 131 काय सांगतं ते पाहा. गाडी थांबवायची, क्लिनरने उतरून रुळापर्यंत चालत जायचं, रेल्वे येत नाही हे पाहायचं आणि मग ट्रकला पुढे घ्यायचं. क्लिनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. दिसत नसेल तर उतरून बघ, ही सवय यार्डात ट्रेलर मागे घेतानाही जीव वाचवते.

कागदपत्रांबद्दल एवढंच. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रं चालतात, फोनच्या गॅलरीतला फोटो म्हणजे ती नव्हेत.

एजंटचं. शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारवरून घरबसल्या देण्याची सोय महाराष्ट्रात जून 2021 मध्ये सुरू झाली. आरटीओची खेप वाचावी, दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून. ती दुसऱ्याकडून द्यायला सांगणं ही फसवणूक आहे, आणि 15-20 टनांची गाडी शेवटी तुमच्याच हातात येणार आहे.

आता मला सगळ्यात जास्त लागलेला मुद्दा. ‘प्रत्यक्षात पळायचंच असतं.’ जमावाची भीती खोटी नाही. बाबांनीही ती अनुभवलीय. पण कायद्याला ती माहीत नाही असं कुणी सांगितलं? मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येच जमावाच्या संतापाचा उल्लेख आहे. जखमीला उपचार मिळतील यासाठी शक्य ते सगळं करायचं, जमावामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्यच नसेल तेवढी सूट. पण त्यानंतरची जबाबदारी सुटत नाही. लवकरात लवकर, काहीही झालं तरी 24 तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी संप केला तो याच विषयावर. आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये, न कळवता पळून गेल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 ला संहिता लागू करताना ते उपकलम बाजूला ठेवलं. पण कलम 134 आधीही होतं, आजही आहे. जिवाच्या भीतीने बाजूला होणं आणि गायब होणं यातला फरक त्या एका प्रश्नात आहे. बाबा मुलांकडून रुग्णवाहिकेचा 108 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे दोन आकडे रोज म्हणवून घेतात. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी आठवत नाही, म्हणून.

राहिला सुप्रीम कोर्टाचा निकाल. तो आहे, 6 नोव्हेंबर 2024 चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. पण त्यात ‘सगळं’ नाही. हलक्या गाडीच्या लायसनवर मालवाहू गाडी चालेल ती एकूण वजन 7500 किलोंपर्यंतची. धोकादायक मालाच्या गाड्या त्यात धरायच्या नाहीत. 7500 किलोंच्या वरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. वय किमान 20, आणि शिकाऊ परवाना मागण्याआधी हलक्या गाडीचं लायसन निदान एक वर्ष हातात असलं पाहिजे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, रिकाम्या गाडीचं वजन वेगळं लिहिलेलं असतं आणि मालासकटचं एकूण वजन वेगळं. बघायचं ते दुसरं.

मेसेज दाखवणाऱ्या मुलाला आम्ही त्याच्या मालकाच्या गाडीची आरसी उघडायला लावली. एकूण वजन 11 टनांच्या पुढे निघालं. त्याच्या लायसनला वर्ष व्हायला अजून पाच महिने आहेत. तोवर तो त्या गाडीवर क्लिनर म्हणूनच जाणार आहे. सातवीवाल्याला बाबा उद्या स्वतः भेटायला जातायत.