टॅव्हर्नच्या छताचं माप चुकलेलं नाही (दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर)

नमस्कार,

आमच्या टॅव्हर्नवरचा, म्हणजे फाइल घरी छापून, कापून जोडायच्या कागदी गुत्त्याच्या मॉडेलवरचा, तुमचा रिव्ह्यू वाचला, छत ढिलं बसतं म्हणून. शाई गेली, कार्डशीट गेली, दोन रात्री कटर घेऊन बसलात आणि गेमला मंडळी आली तेव्हा टेबलावर बिनछताची टॅव्हर्न, याबद्दल खरंच सॉरी. एवढं करून शेवटी छतच बसत नाही म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की "माप सरळ सरळ चुकीचं आहे, विकायच्या आधी कुणी एकदा तरी जोडून बघितलेलं दिसत नाही". हे मला लागलं, म्हणून यावर जरा लांबलचक लिहितेय, राग मानू नका. चित्रं मी काढते आणि प्रत्येक सेट माझा भाऊ घरातल्याच साध्या प्रिंटरवर छापून, कापून, चिकटवून उभा करतो, तोपर्यंत आम्ही तो विकायला टाकतच नाही. पेजवरचे फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले नाहीत, जोडलेल्या मॉडेलचेच आहेत, नीट बघितलंत तर मागच्या भिंतीला खाली गोंदाचा ओघळसुद्धा दिसेल.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून बघितला. दारात तुमचा कुऱ्हाडवाला मिनी, म्हणजे खेळातला छोटा पुतळा, उभा आहे, गोल बेसवर (पायाखालच्या चकतीवर). आमच्या फरशीचा चौकोन एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिमीचा असतो, कारण डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावर खेळायच्या साहसी गेममध्ये एक इंच म्हणजे पाच फूट धरतात आणि माणसाएवढं पात्र दाखवणाऱ्या मिनीचा बेस साधारण २५ मिमीचा येतो, तो चौकोनात जेमतेम का होईना पण मावतो. तुमच्या फोटोत बेसने चारही बाजूंच्या रेषा झाकल्यात. म्हणजे तो चौकोन इंचाचा राहिलेलाच नाही, प्रिंट लहान निघालीय.

आता छत ढिलं का झालं ते सांगते. सगळंच सारखं लहान झालं असतं तर टॅव्हर्न जरा बुटकी दिसली असती पण छत बरोब्बर बसलं असतं. तुमच्याकडे भिंती लहान आणि छत मोठं झालंय, आणि तुम्हीच लिहिलंय की छताच्या पानावर वरचे टॅब (गोंद लावायच्या दुमडत्या कडा) "छापलेच नाहीत". टॅब फाइलमध्ये आहेत हो, आत्ता परत उघडून बघितले. माझ्या अंदाजाने तुमचा कागद लेटर साइझचा (अमेरिकेत चालणारा, ए४ पेक्षा जरा आखूड) आहे आणि फाइल ए४ ची उघडली गेली. ए४ ची उंची २९७ मिमी, लेटरची २७९. प्रिंटच्या खिडकीत "फिट टू पेज" असेल (बऱ्याच ठिकाणी ते आपोआप निवडलेलंच असतं) तर अख्खं पान आवळून ९४ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि "अ‍ॅक्चुअल साइझ" निवडलं तर माप बरोबर येतं पण वरखालचा भाग कागदाच्या बाहेर जातो. भिंती एका सेटिंगवर निघाल्या, छत दुसऱ्या. सहा चौकोनांची भिंत १५२ मिमीची हवी ती १४३ ची झाली, छत मात्र १५२ च्याच हिशोबाने आलं, म्हणजे तब्बल नऊ मिमीचा फरक, मग ते ढिलं बसणारच, त्याला डिझाइन काय करणार. लेटर साइझची फाइल त्याच झिपमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये दिलेली आहे. आणि पहिल्याच पानावर मोजायला पट्टी आहे, "आधी ही छापून स्केलने मोजा" असं तिच्याखालीच लिहिलंय.

घडीवर पांढरं दिसतं म्हणालात, ते लेझर प्रिंटमध्ये होतं, टोनर कागदाच्या वर बसतो, आत मुरत नाही, त्यामुळे कडक घडी घातली की तडकतो. संपलेल्या बॉलपेनने स्केल लावून आधी रेघ दाबून घ्या, मग घडी, आणि कडांवरून तपकिरी स्केचपेन फिरवा. भिंत वाकली असेल तर गोंद जास्त पडलाय, पातळ थर द्या आणि सुकेपर्यंत वर जाड पुस्तक ठेवा.

"शेवटी नुसता कागदच तर आहे, सगळं काम आपणच करायचं" याचंही वाईट वाटलं. कागद तुमचा, कापणं तुमचं, मान्य, पण तो सपाट कागद लांबून दगडी भिंत वाटावा म्हणून प्रत्येक दगडाखाली सावली रंगवावी लागते, तीही चारही भिंतींवर उजेड एकाच बाजूने येतोय असं वाटेल अशी, नाहीतर जोडल्यावर कोपऱ्यात सगळं खोटं दिसतं. दाराची खालची फळी बघा, पायांनी घासून घासून तिचा रंग उडालाय, तेवढ्या एका फळीवर मी अख्खी दुपार घातली होती. आणि एकदा विकत घेतलं की स्वतःच्या टेबलासाठी हवं तितक्या वेळा छापा, टॅव्हर्न चेंगरली, भिजली, कुणी वर बसलं तरी परत उभी करता येते, प्लास्टिकच्या किंवा रेझिनच्या इमारतीचं असं होत नाही.

रिफंडचं. "रिफंड नाकारला" हे बरोबर नाही. तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी मी उत्तर दिलं होतं की त्या पट्टीशेजारी स्केल ठेवून एक फोटो पाठवा, कारण डाउनलोड झालेली फाइल काही परत घेता येत नाही, त्यामुळे गडबड कुठे झाली ते आधी कळायला हवं. त्यावर तुमचं काहीच आलं नाही, थेट रिव्ह्यूच आला. आमचं दुकान लहान आहे, मोजके रिव्ह्यू आहेत, त्यात "माप चुकीचं" असं वर दिसलं की नवीन माणूस पुढे वाचतच नाही, निघून जातो. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण आमचं घर यावर चालतं म्हणून बोलावं लागतंय.

मोजायची पट्टी प्रत्येक पानावर टाकायचं बघतोय, फोल्डरची नावंही जरा ठळक करू, आणि फोमबोर्डवर (फोमच्या जाड पुठ्ठ्यावर) चिकटवणाऱ्यांसाठी थोडं रुंद छत द्यायचं डोक्यात आहे, जमेल तसं करू.

तुम्ही सध्या एवढं करा, लेटरच्या फोल्डरमधलं भिंतीचं एकच पान साध्या ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागदावर अ‍ॅक्चुअल साइझला काढा आणि ती सहा चौकोनांची भिंत मोजा. १५२ मिमी आले की मग भिंती आणि छत दोन्ही त्याच सेटिंगवर कार्डशीटवर छापा, १६० ते २०० जीएसएम पुरतं. बुरूज वेगळा आहे, तो छताला चिकटत नाही, त्यामुळे लहान झाला असला तरी तसाच वापरता येईल. आणि एवढं करूनही छत बसलं नाही तर स्केलसकट फोटो पाठवा, त्याच दिवशी सगळे पैसे परत करते.