‘गोळ्या घेतल्या की विषय संपतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग) आणि वंध्यत्वावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘सात दिवस गोळ्या घेतल्या की विषय संपतो. बहुतेकींना काहीही होत नाही. डॉक्टर नसताना बायकांना घाबरवायचा धंदा बंद करा.’ त्याखाली आणखीही बरंच आहे, त्याकडे नंतर येते.

आधी धंद्याच्या आरोपाबद्दल. मी कुठली तपासणी विकत नाही, औषध विकत नाही, या लेखाचे मला कोणी पैसे दिलेले नाहीत. मी डॉक्टर नाही हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तुम्ही बहुधा तिथपर्यंतही वाचलेलं नाही. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण अनोळखी बाईशी बोलायची ही रीत नव्हे. तुम्ही समोर बसला असतात तर हेच वाक्य याच शब्दांत बोलला असतात का?

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. पुरुषांबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. हा जंतू वृषणाला लागून असलेल्या एपिडिडिमिसपर्यंत पोचून तिथे सूज आणू शकतो, आणि लागण झालेल्या कितीतरी पुरुषांना काहीच जाणवत नाही. हे सविस्तर यायला हवं होतं. पण तेवढ्यावरून सगळा लेख मोडीत निघत नाही.

आता तुमचं गोळ्यांचं वाक्य. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिवसातून दोनदा, सात दिवस, हा उपचार चांगला आहे, हे मी लेखातही म्हटलंय. त्याने संसर्ग जातो. संसर्गाने आधीच केलेलं नुकसान जात नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकच करून टाकल्यात.

गर्भनलिका ही नुसती पोकळ नळी नाही. तिच्या आतल्या अस्तराला नाजूक घड्या असतात, त्यावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. बीज आणि शुक्रजंतू तिथे भेटतात आणि तयार झालेला गर्भ हे तंतू हळूहळू गर्भाशयाकडे सरकवतात. क्लॅमिडियाचा जंतू पेशींच्या आत शिरून वाढतो. तो गर्भाशयमुखातून वर चढला की शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईतच अस्तरावर व्रण पडतात. तंतू नष्ट होतात, घड्या एकमेकींना चिकटतात. कधी नळीचं टोक बंद होऊन आत पाणी साठतं. त्याला हायड्रोसॅल्पिंक्स म्हणतात. नळी अर्धवट खराब झाली तर गर्भ वाटेतच अडकून तिथेच रुजतो, आणि नळीतला गर्भ जिवावर बेतू शकतो. यातलं काय गोळीने पूर्ववत होतं, ते मला सांगा.

शिवाय गोळ्या घ्यायला आजार आहे हे आधी कळावं लागतं! बहुसंख्य बायकांना लक्षणंच नसतात. पांढरं जाणं थोडं वाढलं, संबंधानंतर थोडं रक्त दिसलं, तर किती जणी तपासणीला जातात?

मी गेले नव्हते, कारण मला तेवढंही झालं नव्हतं. ताप नाही, पोटदुखी नाही, पाळी नियमित. मूल राहत नाही म्हणून एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला गर्भाशय आणि नळ्यांचा एक्स-रे, केलं तेव्हा आत सोडलेलं औषध दोन्ही बाजूंना नळ्यांपाशी अडलं. लॅप्रोस्कोपीत (पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) नळ्या आजूबाजूला चिकटलेल्या दिसल्या आणि रक्तातल्या प्रतिपिंडांवरून संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेल्याचं कळलं. गोळ्या मीही घेतल्या, नवऱ्यानेही घेतल्या. नळ्या उघडल्या नाहीत. वर एका तज्ज्ञाने सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘लग्नाआधी काही प्रकार होते का?’ तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तोच सूर ऐकू आला, म्हणून हे उत्तर लांबलंय.

‘बहुतेकींना काही होत नाही’ हे लेखातच आहे. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के बायकांना ओटीपोटाचा दाह (संसर्ग वर चढून गर्भाशय, नळ्यांना येणारी सूज) होतो, म्हणजे बहुतेकींना होत नाही. पण ज्यांना होतो त्यांचं काय? स्वीडनमध्ये वेस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली छापलेल्या अभ्यासात असा दाह एकदा झालेल्यांमध्ये नळ्यांमुळे आलेलं वंध्यत्व ८ टक्के होतं, दोनदा झालेल्यांमध्ये साधारण २० आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांमध्ये ४० टक्के. त्यातले सगळे दाह क्लॅमिडियामुळे नव्हते, हेही सांगते, नाहीतर उद्या तुम्ही तेवढंच पकडाल. पुन्हा पुन्हा दाह होणं किती महागात पडतं ते मात्र यातून स्पष्ट दिसतं. म्हणूनच जोडीदाराचा उपचार, दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी यावर मी एवढा भर दिला होता. त्याला तुम्ही ‘अतिरेक’ म्हणता.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्यात) नळ्यांची गरज नसते हे खरं, पण पाणी साठलेली नळी तशीच ठेवली तर तिथेही यश कमी होतं; म्हणून अनेकदा ती आधी काढतात किंवा बंद करतात. तपासणी लघवीवर किंवा स्वतः घेतलेल्या स्वॅबवर होते, दुखत नाही. तुम्ही सुचवलेल्या घरगुती काढ्याबद्दल मला काही बोलायचं नाही. माझ्या शिक्षणाविषयीच्या चौकशीला उत्तर देणं मी लागत नाही.

प्रतिक्रिया मी तशीच ठेवली आहे. फक्त शेवटची ओळ काढली, कारण ती मला उद्देशून नव्हती. नळीतल्या गर्भाचं ऑपरेशन झालेल्या एका वाचक ताईंनी वर आपला अनुभव लिहिला होता, आणि तुम्ही त्यांच्या चारित्र्यावर घसरलात. त्यांची माफी मागायची असेल तर खाली जागा आहे.