फोन चोरीला जाण्याची पूर्वतयारी

लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलायची हौस असेल, तर खुशाल बोला. रुळांच्या कडेला फटका मारायला काठी घेऊन माणसं उभी असतातच, त्यांनाही पोटपाणी आहे. तुम्ही फक्त आधी थोडी तयारी करून ठेवा, कारण चोरीचा फोन बंद पाडायची आपली सरकारी सोय चांगली आहे, पण ती टापटीप माणसांसाठी आहे.

आजच *#०६# डायल करा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. ते कागदावर उतरवा. फोनमध्येच जपून ठेवलेत तर त्यांचा उपयोग चोरालाच. खोक्यावरही ते छापलेले असतात, पण खोका तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकलात. बिलासकट.

पोलीस ठाण्यात भाषा जपून वापरा. ‘चोरीला गेला’ म्हटलं की गुन्हा नोंदवावा लागतो, गुन्हा नोंदवला की तपास आला, आणि तपास लागला नाही तर हद्दीतली आकडेवारी बिघडते. एका फोनपायी इतक्यांना कशाला त्रास? ‘गहाळ झाला’ म्हणा. काठीचा वळ उठलेला हात खिशात ठेवा. फटका माटुंगा आणि शीवच्या मध्ये बसला असेल, तर हद्द कोणाची यावर बौद्धिक ऐकायला मिळेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलू नका. ‘वकील आहात का?’ या प्रश्नाला चांगलं उत्तर अजून कोणाला सुचलेलं नाही.

आता दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फोन बंद पाडण्यासाठी अर्ज भरा. (फोन बंद पाडायची ही यंत्रणा २०१९ साली प्रयोग म्हणून सुरू झाली ती आपल्या महाराष्ट्रात, सोबत गोवा आणि दादरा-नगर हवेली. देशभर ती २०२३ मध्ये पोहोचली. कुठल्या तरी बाबतीत आपण पुढे आहोत.) अर्ज पुरा करायला ओटीपी लागतो, आणि तो मोबाईलवर येतो. म्हणून आधी त्याच नंबरचं नवं सिम काढा. सिमसाठी आधार कार्ड लागेल, ते चोरीला गेलेल्या फोनच्या गॅलरीत आहे. डिजिलॉकरमधून काढावं, तर तिथेही ओटीपी. हे सगळं जमवून सिम मिळालं, तरी त्यावर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. तेवढी उसंत चोरालाही हवीच की.

अर्ज गेला की साधारण २४ तासांत फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद. वायफायवर तो सुखात चालतो, ती गोष्ट वेगळी. त्यात कोणी सिम घातलं की पोलिसांना खबर जाते. आयएमईआय बदलला, तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून कायदा पाळणारा चोर फोन सुटा करून विकतो. स्क्रीन, बॅटरी आणि कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो.

तरीही फोन सापडतात, बऱ्याच जणांचे सापडतात. मग ठाण्यात छोटा समारंभ होतो, साहेबांच्या हस्ते फोन स्वीकारतानाचा फोटो निघतो. इस्त्रीचा शर्ट घालून जा. घरी आल्यावर मात्र अर्ज भरताना मिळालेला विनंती क्रमांक शोधून पोर्टलवर फोन आधी अनब्लॉक करा. न करता सिम घातलंत, तर खबर त्याच ठाण्यात जाईल आणि या खेपेला संशयित तुम्ही असाल.