भाईंचा नंबर कुठल्या बंदराला लागतो?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात काल्याला दरवर्षी नाटक होतं आणि त्यासाठी दरवर्षी कुणाचातरी बळी जातो. यंदा मी गेलो. "तू कॉम्प्युटरात असतोस मरे, समितीची वेबसाइट तूच कर," असं अध्यक्षांनी, म्हणजे भाईंनी, फर्मावलं. मी बँकेत आहे. बँकेत कॉम्प्युटर असतो, एवढाच त्या विधानाला आधार.

वेबसाइट बनवायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर मिळालं. भाईंच्या नंबरावर बोट ठेवलं की फोन लागावा म्हणून लिंकच्या रकान्यात 'टेल', मग कोलन, मग नंबर असं टाकलं. सॉफ्टवेअरनं ते वाचलं आणि आगाऊपणे सुरुवातीला एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरप्या रेघा चिकटवल्या. (त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी स्वतःच 2009 साली कबूल केलं. तोवर जगाची बोटं झिजली होती.)

आता ब्राउझरला वाटलं, 'टेल' नावाचं कुठलं तरी यंत्र आहे आणि कोलननंतरचा आकडा त्याच्या पोर्टचा, म्हणजे त्या यंत्रात शिरायच्या दाराचा. पोर्ट 65535 वर संपतात. भाईंचा नंबर दहा आकडी. एवढं बंदर मुरगावलाही नाही. 'पत्ता चुकीचा आहे' असा निरोप आला.

"माझा पत्ता चुकीचा? तीन पिढ्या इथंच राहतो!" भाई कडाडले.

ईमेलची गंमत तर आणखी पुढची. लिंकमध्ये 'मेलटू', मग कोलन, मग 'उत्सव'नं सुरू होणारा समितीचा जीमेलचा पत्ता टाकला, तर त्याच्या आधीही तेच शेपूट लागलं. @ चिन्हाच्या आधीचा मजकूर ब्राउझरनं नाव आणि पासवर्ड समजून घेतला, 'मेलटू' हे नाव, 'उत्सव' हा पासवर्ड, आणि सगळ्यांना थेट जीमेलच्या दारात नेऊन सोडलं. खजिनदार खूश. "जीमेल उघडतं, म्हणजे ईमेल चालतं!" पत्र एकही आलं नाही, पण ते लोकांच्या आळसावर गेलं.

अहो, कोलनच्या आधीचा शब्द म्हणजे जायचं कसं ते. दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं जा असं सांगितलं, तर "आधी कदंबा बसमध्ये बसा, मग बससकट फेरीत" असं कुणी सांगेल का?

मी सॉफ्टवेअरवाल्यांकडे तक्रार केली. त्यांनी लिंकची तपासणीच काढून टाकली. मग सचिवांनी गेल्या वर्षीच्या नाटकाचा फोटो म्हणून स्वतःच्या कॉम्प्युटरातल्या फाइलचा पत्ता चिकटवला. "माझ्याकडे दिसता!" दिसणारच. तो पत्ता 'याच यंत्रात बघ' एवढंच सांगतो. त्यावर भाच्यानं जावास्क्रिप्टची, म्हणजे दाबल्यावर पानातच प्रोग्राम चालवणारी, लिंक घातली. 'तालमीची वेळ' दाबलं की 'नाटक रद्द' अशी पाटी उघडायची. तीन नट तालमीला आले नाहीत. त्यातल्या एकाला मी मनातून दुवा दिला.

पुन्हा तक्रार. आता फक्त एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचाच सुरक्षित प्रकार, चालेल असा फतवा निघाला आणि देणगीची यूपीआय लिंक 'अवैध' ठरली. खजिनदारांचा चेहरा पाहवेना.

वास्तविक मागणी साधी होती. पत्त्याच्या सुरुवातीला ओळखीचं काही असेल, फोन, ईमेल, यूपीआय, तर हात लावू नका. जावास्क्रिप्ट दारातच अडवा. काहीच नसेल तर एचटीटीपीएस लावा. नुसता कोलन बघून मात्र भागत नाही. पोर्ट लिहिलेल्या साध्या पत्त्यातही कोलन असतो आणि नियमानं कोलनच्या आधीच्या शब्दात टिंबसुद्धा चालतं, त्यामुळे टिंब बघूनही वेबसाइटचं नाव ओळखता येत नाही. म्हणजे नावं पाठच हवीत, फेरीवरच्या खलाशाला गावची माणसं असतात तशी.

शेवटी कंटाळून मी लिंकच काढली आणि भाईंचा नंबर नुसता लिहिला. भाईंनी मोबाइलवर त्याला बोट लावलं. मोबाइलनं तो नंबर आपणहून ओळखला आणि फोन लावायचा का विचारलं.

"एवढंच करायचं होतं," भाई म्हणाले, "तर महिना कशाला लावलास मरे?"